मॅकचं दुहेरी आयुष्य

जून २००३ मध्ये पॉवर मॅक जी-५ हा संगणक दाखवताना ॲपलचा प्रमुख स्टीव्ह जॉब्ज एक वचन देऊन बसला: बारा महिन्यांत यातला प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर धावेल. त्या दिवशी तो २ गिगाहर्ट्झवर धावत होता. दोन वर्षं उलटली तरी मजल २.७ च्या पुढे गेली नाही, आणि तेवढ्यासाठीही यंत्राच्या पोटात द्रव खेळवून प्रोसेसर थंड ठेवावा लागत होता. लॅपटॉपची गोष्ट तर सोडाच. जेमतेम इंचभर जाडीच्या पॉवरबुकमध्ये हा तापट प्राणी बसवणं ॲपलला कधीच जमलं नाही.

प्रोसेसर आयबीएमचा होता. १९९१ मध्ये ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला यांनी इंटेल या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीला शह द्यायला एकत्र येऊन पॉवरपीसी हे घराणं जन्माला घातलं आणि १९९४ पासून मॅक त्यावर चालू लागले. पण २००५ पर्यंत आयबीएमला दुसरी, मोठी गिऱ्हाइकं मिळाली होती. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०, सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि निन्टेंडोचा वी, या तिन्ही खेळयंत्रांच्या प्रोसेसरमागे आयबीएमच होती. वर्षाला पंचेचाळीस लाख मॅक विकणाऱ्या ॲपलसाठी खास लॅपटॉपजोगी थंड चिप घडवण्यात तिला कितीसा रस असणार?

६ जून २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, ॲपलसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात, जॉब्जने सांगून टाकलं की मॅक आता इंटेलकडे जाणार. समोर बसलेल्यांना हे पचायला जड होतं. इंटेलची टिंगल हा ॲपलचा वर्षानुवर्षांचा उद्योग होता. एका जाहिरातीत पेंटियम २ चक्क गोगलगायीच्या पाठीवर बसवला होता, तर दुसरीत इंटेलच्या जाहिरातींतल्या त्या चकचकीत पोशाखातल्या तंत्रज्ञालाच आग लागलेली दाखवली होती. जॉब्जने या वेळी वेगाचा वाद घातलाच नाही. पुढच्या काळासाठी त्याने एका वॅटमागे किती काम होतं याचे आकडे मांडले: पॉवरपीसी १५, इंटेल ७०. मग त्याने कबुली दिली की मॅक ओएस टेन ही प्रणाली गेली पाच वर्षं दुहेरी आयुष्य जगत आली आहे. तिची प्रत्येक आवृत्ती इंटेलसाठीही गुपचूप तयार होत होती. सकाळपासून तो मंचावर जे यंत्र वापरत होता, त्यातही पेंटियम ४ च होता.

या गुप्त कामाचा उगम मात्र अगदी घरगुती होता. २००० साली ॲपलच्या एका अभियंत्याला कॅलिफोर्निया सोडून आपल्या कुटुंबासह पूर्व किनाऱ्यावर, मुलाच्या आजीआजोबांजवळ राहायला जायचं होतं. दूर राहून एकट्याने करण्याजोगं काम म्हणून त्याने मॅकची प्रणाली इंटेलवर चालवायला घेतली. त्याच्या पत्नीने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, वरिष्ठांनी विचारलं, सोनीच्या व्हायो लॅपटॉपवर हे चालवायला किती वेळ लागेल, दोन आठवडे? तो म्हणाला, दोन तास. लगेच दुकानातून सर्वांत महागडा व्हायो आणवला गेला आणि त्याच संध्याकाळी त्यावर मॅकचा पडदा उजळला.

ही जादू नव्हती. मॅक ओएस टेनचा पाया नेक्स्ट या जॉब्जच्या आधीच्या कंपनीतून आला होता आणि नेक्स्टची प्रणाली १९९३ पासूनच इंटेलच्या ४८६ वर चालत होती. ॲपलने नेक्स्ट विकत घेतली तेव्हाच पळवाटेचा नकाशा तिच्या हाती आला होता, असं म्हणायला हरकत नाही.

खरी अडचण बाहेरच्यांच्या सॉफ्टवेअरची होती. दोन्ही प्रोसेसरांच्या आज्ञा वेगळ्या, इतकंच नव्हे तर आकडे साठवण्याची रीतही उलटी. आपण लिहिताना २५ मधला दोन आधी लिहितो आणि बोलताना ‘पंचवीस’मधला पाच आधी उच्चारतो, तसं काहीसं. पॉवरपीसी संख्येचा मोठा भाग आधी ठेवी, इंटेल लहान भाग आधी. ज्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये ही रीत गृहीत धरली होती, त्यांना ओळ न् ओळ तपासणं भाग होतं. त्यांच्यासाठी पॉवर मॅकच्या पेटीत पेंटियम ४ बसवलेलं यंत्र ९९९ डॉलरला मिळे, तेही परत करण्याच्या बोलीवर. जुन्या प्रोग्रामसाठी रोझेटा हा दुभाष्या होता: पॉवरपीसीच्या आज्ञा तो चालता चालता इंटेलच्या आज्ञांत बदलून देई. त्याचं मूळ तंत्र मँचेस्टर विद्यापीठातून निघालेल्या ट्रान्झिटिव्ह या कंपनीचं. वापरणाऱ्याला तो दिसतही नसे, मात्र फोटोशॉपसारखं जड काम त्याच्या गळ्यात पडलं की त्याचा दम लागलेला जाणवे. इंटेलसाठी घडवलेला फोटोशॉप यायला २००७ चा एप्रिल उजाडला.

धोका मात्र तंत्रापेक्षा दुकानात जास्त होता. वर्षभरात नवं काही येणार हे जाहीर झाल्यावर आजचं यंत्र कोण घेईल? ॲडम ऑस्बोर्नची कंपनी पुढच्या मॉडेलची वेळेआधी वाच्यता केल्यानेच १९८३ मध्ये बुडाली, ही कथा या धंद्यात आजही सांगतात. ॲपलला आयपॉडने हात दिला, २००५ च्या आर्थिक वर्षात तो सव्वादोन कोटी विकला गेला होता. शिवाय ॲपलने वायद्याच्या बरीच आधी गाडी हलवली. पहिला इंटेल मॅक जून २००६ पर्यंत देऊ म्हणाले होते, तो जानेवारीतच आला. इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी तेव्हा त्याच चकचकीत पोशाखात मंचावर अवतरले. ऑगस्टमध्ये मॅक प्रो जाहीर झाला आणि २००७ अखेरपर्यंत चालणारं स्थलांतर जवळपास आटोपलं. पहिला मॅकबुक प्रो मांडीला चांगलाच चटका देई, हा भाग वेगळा. पण विक्री घटली नाही. २००६ च्या आर्थिक वर्षात ती त्रेपन्न लाखांवर गेली. बूट कॅम्प या ॲपलच्याच सॉफ्टवेअरमुळे मॅकवर विंडोजही चालू लागली आणि काठावर उभे असलेले कित्येक जण आत आले.

इंटेलचा या लग्नातला आनंद मात्र फार टिकला नाही. आयफोनसाठी चिप देण्याचा विषय निघाला तेव्हा ओटेलिनींना ॲपल देत असलेल्या भावात ते परवडेना, आणि नंतर मुलाखतीत त्यांनी मान्य केलं की आपला खर्चाचा अंदाज चुकला होता. ॲपलने २००८ मध्ये पी. ए. सेमी ही छोटी कंपनी विकत घेतली. २००५ साली हीच कंपनी कमी विजेवर चालणारी पॉवरपीसी चिप घडवत होती आणि ॲपल आपलं गिऱ्हाईक होईल अशी आस लावून होती. आता तिची माणसं ॲपलच्या स्वतःच्या चिपा बनवू लागली. २२ जून २०२० रोजी ॲपलचा तेव्हाचा प्रमुख टिम कुक याने जाहीर केलं की मॅक दोन वर्षांत इंटेलला सोडणार. त्याही वेळी जुन्या प्रोग्रामांना सांभाळणाऱ्या दुभाष्याचं नाव रोझेटाच ठेवलं होतं, फक्त पुढे दोनचा आकडा लावून.