कुलूप न तोडता दरोडा

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एकही कुलूप तुटले नाही. कार्ड घातले की पैसे द्यायचे का, हे एटीएम बँकेच्या यंत्रणेला विचारते. चोरांनी मध्येच बनावट यंत्रणा बसवली आणि ती परस्पर होकार देत राहिली. बनावट कार्डांवर २८ देशांतून रोकड निघाली. एकूण ९४ कोटींपैकी सुमारे १४ कोटी मात्र स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे हाँगकाँगला वळवले गेले.

एकट्यादुकट्याला लुटायला एवढी कारागिरी लागतच नाही. ‘वीजबिल थकले, आज रात्री वीज तोडू’ असा मेसेज येतो आणि घाबरलेला माणूस ओटीपी सांगून मोकळा होतो. अशा वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केल्यास रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येऊ शकते.