गायकच नसलेल्या बँडमध्ये बेसिस्टचं घर कसं चालतं?

बँडमध्ये बेस वाजत होता, हे अनेकांना तो थांबल्यावरच कळतं. प्रोग्रेसिव्ह इन्स्ट्रुमेंटल बँडमध्ये गायक नसतो, म्हणजे बेसला जास्त वाव मिळायला हवा. पण इथे गिटारच खाली उतरलीय. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा, तर आठ तारांची गिटार ४६ पर्यंत पोहोचते. अमेरिकेच्या ‘ॲनिमल्स ॲज लीडर्स’ या तिघांच्या बँडमध्ये दोन गिटारिस्ट आणि एक ड्रमर. बेसिस्ट नाहीच!

बेसिस्ट असला, तरी एका बँडवर भागत नाही. टोनी लेव्हिन यांचंच बघा. त्यांच्या ‘लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट’चे पहिले दोन अल्बम १९९८ आणि १९९९ मध्ये आले, तिसरा थेट २०२१ मध्ये. मधली २२ वर्षं? लेव्हिन इतरांसाठी वाजवत होते. ती सवय जुनीच: पीटर गॅब्रिएलसोबत १९७७ पासून, जॉन लेननच्या ‘डबल फँटसी’वर १९८० मध्ये. शिवाय दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून वाजवायची चॅपमन स्टिकही त्यांना येते.

ऑस्ट्रेलियन गिटारिस्ट प्लिनीसोबत बेस वाजवणारा सायमन ग्रोव्ह तर इतरांचे अल्बम मिक्सही करतो. दौरा नसला, तरी स्टुडिओ असतोच.