कार्डावरचा कोटीचा आकडा आणि परदेशातले रुग्णालय

विमानाची तिकिटे क्रेडिट कार्डाने काढणाऱ्या कुटुंबांत, कार्डासोबत विमा फुकट मिळत असताना वेगळी प्रवास पॉलिसी घ्यायची कशाला, हा प्रश्न हमखास निघतो. आणि माहितीपत्रकावर एक कोटी रुपयांचे हवाई अपघात संरक्षण ठळक अक्षरांत छापलेले असल्यावर स्वतंत्र पॉलिसीचा हप्ता अनाठायी खर्च वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु हे दोन विमे नावाने जितके जवळचे दिसतात तितके आशयाने नाहीत. भारतीय कार्डांवरील संरक्षण प्रामुख्याने तिकीट आणि सामान यांच्याभोवती बेतलेले असते, तर स्वतंत्र पॉलिसीतील सर्वांत मोठी रक्कम प्रवाशाच्या आजारपणासाठी राखलेली असते.

कार्डासोबत येणारा विमा हा समूह विमा असतो, म्हणजे विमा कंपनीशी मूळ करार, ज्याला मास्टर पॉलिसी म्हणतात, तो बँकेने केलेला असतो आणि कार्डधारक त्याचा केवळ लाभार्थी असतो. त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी बँक कंपनी बदलू शकते, रक्कम घटवू शकते किंवा सुविधा काढूनही घेऊ शकते. लाभाला अटीही जोडलेल्या असतात: बहुधा तिकीट त्याच कार्डाने काढलेले असावे लागते, अनेक कार्डांत दुर्घटनेपूर्वीच्या ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेले असावे लागते, आणि संरक्षण मुख्य कार्डधारकापुरतेच असून शेजारच्या आसनावरील जोडीदार त्यात धरलेला नसतो, असेही पुष्कळदा आढळते. कार्डासोबत विमा देताना अपघाती मृत्यू व अपंगत्वाच्या लाभासाठी नॉमिनीचा, म्हणजे पश्चात रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचा, तपशील घेणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. ही नोंद झाली आहे का, हे तपासायला पाच मिनिटे लागतात आणि तरीही ते राहून जाते.

मग बँकेला एक कोटीचे आश्वासन परवडते कसे? विमाहप्ता ठरतो तो रकमेइतकाच घटनेच्या संभाव्यतेवर, आणि प्रवासी विमानाचा अपघात ही इतकी दुर्मीळ घटना आहे की हजारो कार्डधारकांसाठी मिळून घेतलेल्या अशा संरक्षणाचा दरडोई खर्च अगदी किरकोळ राहतो, मात्र माहितीपत्रकावरचा आकडा भव्य दिसतो. शिवाय आंतरराष्ट्रीय उड्डाणातील मृत्यूची जबाबदारी विमान कंपनीवर असतेच. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार, ज्यात भारत २००९ मध्ये सामील झाला, सिद्ध झालेल्या नुकसानीची १,५१,८८० एसडीआरपर्यंतची भरपाई कंपनीची चूक असो वा नसो तिला द्यावीच लागते (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक असून ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे). जून २०२५ मधील अहमदाबादच्या विमान दुर्घटनेनंतर या कराराची आपल्याकडे बरीच चर्चा झाली. तरीही कार्डाची रक्कम निरर्थक ठरत नाही, कारण अपघात विमा हा ठरावीक लाभाचा करार असून तो इतर भरपाईच्या जोडीने मिळू शकतो. उपचारखर्चाचा विमा मात्र नुकसानभरपाईच्या तत्त्वावर चालतो, आणि एकाच बिलाची पूर्ण रक्कम दोन ठिकाणांहून वसूल करता येत नाही.

खरा प्रश्न या उपचारखर्चाचाच आहे, आणि नेमक्या याच बाबतीत कार्ड तोकडे पडते. मुलाकडे वा मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला निघालेल्या साठी-सत्तरीतील आईवडिलांना धोका संभवतो तो विमान कोसळण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका येण्याचा किंवा बर्फावर घसरून खुब्याचे हाड मोडण्याचा. तेथे बायपास शस्त्रक्रियेचे बिल एक लाख डॉलरच्याही पुढे जाऊ शकते, तर कार्डांवरील उपचारखर्चाची तरतूद अनेकदा मुळीच नसते आणि असली तरी तिची रक्कम व दिवसांची मर्यादा पाहूनच तिच्यावर विसंबायचे की नाही ते ठरवावे लागते. युरोपच्या बाबतीत तर हा विषय निवडीचा उरतच नाही, कारण शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असून तो सर्व शेंगेन देशांत, मुक्कामाच्या संपूर्ण काळासाठी आणि रुग्णाला मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह लागू असावा लागतो. कार्डाच्या विम्याने या अटी पूर्ण होतात असे प्रमाणपत्र मिळाले नाही, तर अर्जासोबत जोडायला हाती काहीच राहत नाही.

स्वतंत्र पॉलिसी घेतली म्हणजे सारे निभावले, असेही समजू नये. प्रत्येक दाव्यातील सुरुवातीची काही रक्कम प्रवाशाने स्वतः सोसायची असते, तिला डिडक्टिबल म्हणतात. वय वाढत जाईल तशा शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग, तपासण्या यांवर वेगवेगळ्या उपमर्यादा लागू शकतात, आणि एकूण विमा रक्कम लाखभर डॉलर असूनही एखाद्या शीर्षकाखाली तिचा अल्प अंशच मिळतो. मधुमेह, रक्तदाब अशा पूर्वीपासूनच्या आजारांतून उद्भवलेला खर्च अनेक पॉलिसी पूर्णपणे वगळतात, तर काही केवळ जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरता आणि मर्यादित रकमेत देतात. हप्ता वाढेल या भीतीने प्रपोजल फॉर्मवर मधुमेह लपवणाऱ्याला दाव्याच्या वेळी जुन्या औषधांच्या चिठ्ठ्याच उघडे पाडतात. दोन पॉलिसींची तुलना करताना हप्त्याआधी पूर्वीच्या आजारांबाबतचे हे कलम वाचावे; बाकीची कलमे त्यामानाने दुय्यम आहेत.

हरवलेली बॅग, लांबलेले उड्डाण, गहाळ पासपोर्ट यांसाठी चांगले कार्ड पुरेसे ठरते. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीकडून पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीची नोंद, घ्यावी लागते. तिच्याशिवाय दावा उभा राहणे कठीण. प्रवास रद्द होण्याच्या नुकसानीत पॉलिसी कधी घेतली हे निर्णायक असते, कारण विमा अनिश्चित घटनेचा असतो: एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद झाले, तेव्हा बातमी पसरल्यानंतर पॉलिसी घेणाऱ्यांच्या बाबतीत ती घटना ‘ज्ञात’ झालेली होती. म्हणून पॉलिसी तिकिटासोबतच घेणे श्रेयस्कर.

देशांतर्गत प्रवासाचे गणित याउलट आहे. घरचा आरोग्य विमा सर्वसाधारणपणे भारतभर चालतो, रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावर एका रुपयाहूनही कमी हप्त्यात दहा लाखांपर्यंतचे अपघात संरक्षण मिळते आणि उरलेली उणीव कार्ड भरून काढते. दिल्ली किंवा केरळच्या सहलीसाठी वेगळी पॉलिसी घेण्याचे कारण फारसे उरत नाही.

अमेरिकेत निवृत्त होऊन हिवाळ्यात पुण्या-मुंबईला येणाऱ्या मराठी मंडळींपुढे हाच प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. तेथील काही महागडी कार्डे प्रवास रद्द झाल्यास हजारो डॉलरची भरपाई देतात, पण उपचारखर्चाबाबत त्यांचाही हात आखडता असतो, आणि पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, मोजके अपवाद सोडल्यास अमेरिकेबाहेर लागू होत नाही. त्यांनाही वैद्यकीय पॉलिसी घ्यावीच लागते. मात्र भारतातील बिले तेथील बिलांच्या मानाने कमी असल्याने मध्यम रकमेची पॉलिसी त्यांना पुरते, आणि वाचलेले पैसे रुग्णाला परत अमेरिकेला हलवण्याच्या तरतुदीवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते.