ट्रंकेतले कागद आणि विद्यापीठातली लेक

वर्षावासाचे दिवस होते. घाटंजीच्या एका वस्तीतील विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे त्या संध्याकाळचे वाचन आटोपले होते. वंदना झाली, बाया उठू लागल्या, आणि एक आजी पदराखाली धरलेले गाठोडे घेऊन आमच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "मले वाचता येत नाही बाप्पा. पन आमच्या यायनं हे लय जपून ठेवलं व्हतं. आता पोरं म्हनतात, घर बांधाचं हाय, ट्रंक रिकामी कर, रद्दी देऊन टाक."

गाठोड्यात भीमजयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके होती, 'प्रबुद्ध भारत'चा एक फाटका अंक होता, भीमगीतांच्या पातळ पुस्तिका, दोन-तीन लग्नपत्रिका आणि पांढऱ्या लुगड्यातल्या चार बायांचा एक फोटो. पुस्तिकांच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या.

योगायोग असा, की आमच्यासोबत वस्तीतलीच एक मुलगी होती. ती एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिजिटल आर्काइव्हिस्ट, म्हणजे डिजिटल अभिलेखपाल, म्हणून काम करते. सुटीवर आली होती. तिने आधी नळावर जाऊन हात धुतले, कोरडे पुसले, मगच गाठोड्याला हात लावला. आजी हसल्या. म्हणाल्या, "पोथी हाय काय वं?" मुलगी म्हणाली, "आजी, तुमच्या हातचं आहे, पोथीहून कमी नाही."

आमच्या माताभगिनींना वाटते, संगणकाचे काम म्हणजे बँकेत नाही तर पुण्याच्या कंपनीत. हे काम वेगळे आहे. जुना कागद आधी मऊ ब्रशने साफ करायचा, पिना काढायच्या, घडी उलगडायची. मग स्कॅनरखाली प्रत्येक पान घ्यायचे, कोरे पानसुद्धा. एक मोठी मूळ प्रत जपून ठेवायला, एक हलकी प्रत लोकांना वाचायला. एकूण तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. कारण संगणकही जळतो, हार्ड डिस्कही मरते. जुन्या छापखान्यातली तुटकी मात्रा, उडालेला अनुस्वार संगणकाला वाचता येत नाही. तो भलतेच शब्द उमटवतो. तिथे मराठी जाणणारा माणूसच बसावा लागतो.

पण खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि आम्हाला या लेखात सांगायचे आहे ते हेच. प्रत्येक कागदाला नाव द्यावे लागते. काय आहे, कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या साली छापले, कोणत्या विषयात ठेवायचे. पुढे पन्नास वर्षांनी कोणी शोधू लागला, तर त्या नावानेच ते सापडणार. नाव चुकले तर कागद असून नसल्यासारखा! ही मुलगी कामावर लागली तेव्हा तिच्या हाती भीमगीतांच्या पुस्तिकांचा गठ्ठा आला. नोंदवहीत शब्द होता, 'किरकोळ'. कवीचे नाव नाही, गायन पार्टीचे नाव नाही, गाव नाही. कोणी मुद्दाम केले असेही नाही. नोंद करणाऱ्याला ते महत्त्वाचे वाटले नाही, एवढेच. तिने आठ दिवस बसून प्रत्येक पुस्तिकेची वेगळी नोंद केली. कवी, प्रकाशक, गाव, किंमत, आणि विषय: आंबेडकरी जलसा. वाचकहो, नोंद करणाऱ्या खुर्चीवर कोण बसले आहे, यावर आपला इतिहास 'किरकोळ' ठरतो की 'इतिहास' ठरतो, हे अवलंबून असते.

आपल्या समाजात ही परंपरा नवी नाही. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच कागद न् कागद गोळा केला आणि 1952 साली चरित्राचा पहिला खंड काढला. ते 1971 साली गेले, तरी त्यांनी जमवलेल्या साहित्यातून पुढचे खंड निघत राहिले. वसंत मून यांनी महाराष्ट्र शासनासाठी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे संपादन केले. पहिला खंड 1979 साली आला, आणि 'बहिष्कृत भारत' व 'मूकनायक' 1990 साली ग्रंथरूपाने लोकांच्या हाती पडले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून तर चळवळीतल्या बायांना शोधत घरोघर फिरल्या. त्यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 साली आले नसते, तर त्या बायांची नावे त्यांच्यासोबतच गेली असती.

आणि काय गेले, तेही आठवले पाहिजे. दिल्लीच्या 26, अलीपूर रोडवरील बंगल्यातले बाबासाहेबांचे कागद 1967 साली अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजले. दुसरीकडे, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या काही आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संग्रहात टिकल्या आणि 1990 साली 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाने प्रसिद्ध झाल्या. 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना आज त्या अभ्यासायला असतात. लहानग्या भीमाला बैलगाडीच्या प्रवासात पाणी मिळाले नाही, ही गोष्ट अमेरिकेतली मुले वाचतात. एक वही टिकली म्हणून.

दिल्ली-मुंबईच्या गोष्टी राहू द्या. आम्ही स्वतःही धुतल्या तांदळासारखे नाही. वडील गेल्यावर त्यांच्या कागदांची दोन पोती आम्हीच किलोच्या भावाने विकली. त्यात काय होते, ते आता सांगता येणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपूरला दीक्षेसाठी जी माणसे गेली, त्यांत आपल्या भागातली कोण, कशी, काय विकून गेली, हे कोणत्या सरकारी दप्तरात लिहिलेले नाही. ते अशाच पोत्यांत होते.

मुलामुलींना या कामाकडे वळवायचे असेल, तर वाट अवघड नाही. कोणत्याही शाखेची पदवी, त्यानंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी आणि पदव्युत्तर पदवी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांच्यामार्फत नोकरी सांभाळूनही हा अभ्यास करता येतो. विद्यापीठात वरच्या जागेसाठी नेट परीक्षा लागते. मुलीने एक कडू गोष्टही सांगितली: कायम जागा थोड्या आहेत, बरेच काम कराराने चालते, तीही करारावरच आहे. हे लपवून कोणाला स्वप्न दाखवू नये. मात्र संशोधकांचे प्रबंध आता 'शोधगंगा'वर संगणकातून जमा होतात, ग्रंथालये बदलत आहेत, आणि मराठी, पाली व संगणक तिन्ही जाणणारी माणसे फार नाहीत.

घरच्यांनी काय करावे? जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ते परत निघत नाही. स्वच्छ सुती कापडात बांधा, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवा. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा, बॉलपेनने नाही. कोणी कागद मागायला आले, तर मूळ देऊ नका, प्रत घेऊ द्या. द्यावेच लागले तर लेखी पावती घ्या. "नेले ते नेलेच" हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. आणि खाजगी पत्रे जगाला दाखवायची की नाही, हे घरानेच ठरवायचे.

त्या रात्री विहारातच दिव्याखाली सतरंजी अंथरून मुलीने मोबाइलवर पानापानाचे फोटो घेतले. गाठोडे नव्या धोतराच्या तुकड्यात बांधून आजींना परत दिले. शेवटी चार बायांचा फोटो राहिला. तिसरी म्हणजे आजी स्वतः. पहिल्या आणि दुसरीचे नाव त्यांनी लगेच सांगितले, कोणाच्या सुना, कोणत्या गावच्या लेकी तेही. चौथीवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या. "लय बोलाची ही. भाषन कराची," एवढेच आठवले. मुलीने पेन्सिलीने तीन नावे लिहिली आणि चौथी जागा मोकळी ठेवली. आजींची मोठी नणंद पांढरकवड्याला असते, नव्वदीच्या पुढची. येत्या रविवारच्या एस.टी.ने आजी फोटो घेऊन तिच्याकडे जाणार आहेत.