औषध शरीरात कोणत्या वाटेने जाते?

डोके दुखते म्हणून आपण गोळी घेतो. गोळी जाते पोटात आणि तासाभरात डोके उतरते. मग गोळीला डोक्याचा पत्ता कोणी सांगितला? हा प्रश्न पुष्कळांना पडतो, आणि तो मुळीच वेडगळ नाही. खरे पाहता गोळीला पत्ता ठाऊकच नसतो. ती रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर सगळीकडे हिंडते. जिथे दुखणे आहे तिथे तिचा उपयोग होतो. इतरत्र ती नुसती फिरते किंवा त्रास देते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांनी पोटात जळजळ होते ती यामुळेच.

तोंडाची वाट सर्वांत सोयीची, पण लांबची. गोळी जठरात विरघळते, लहान आतड्यातून शोषली जाते आणि तिथून रक्त प्रथम यकृतात जाते. यकृत हे शरीराचे जकातनाके समजा. काही औषधांचा बराचसा भाग तिथेच अडतो. म्हणून हृदयरोग्यांची सॉर्बिट्रेटची गोळी छातीत कळ आली असता जिभेखाली ठेवायला सांगतात. तिथून ती नाके चुकवून रक्तात उतरते. इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते गिळले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाईल, म्हणून ते सहसा टोचून घेतात. काही गोळ्यांवरचे वेष्टण जठरात न विरघळता आतड्यात विरघळावे असे बनवलेले असते. अशी गोळी कुटून मधातून देणे म्हणजे पाकीट फाडून टपालात टाकणे होय.

वाट ठरते ती औषध आणि आजार पाहून. आपल्याकडे मात्र सुई टोचल्याशिवाय डॉक्टर चांगला वाटत नाही, आणि सलाईन लावले की घरच्यांना धीर येतो. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाण्याखेरीज असते साडेचार ग्रॅम मीठ. साखरेच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. उलट्या थांबत नसतील, रोगी बेशुद्ध असेल, शरीरातले पाणी फार कमी झाले असेल, तर हीच बाटली जीव वाचवते. पण चालता-बोलता माणूस अशक्तपणासाठी ती विकत घेतो तेव्हा तो मिठाच्या पाण्याला औषधाचा भाव देत असतो.

आता फुप्फुसाची वाट. फुप्फुसातल्या वायुकोशांचा पडदा उलगडून पसरला तर सुमारे ७० चौरस मीटर भरेल, म्हणजे जवळजवळ पाऊण गुंठा. तो इतका पातळ असतो की हवा आणि रक्त यांत जेमतेम आडोसा राहतो. या दाराला जकातनाके नाही. दम्याच्या सॅल्ब्युटॅमॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या किंवा चाळिसाव्या हिश्श्याएवढेच औषध असते. तेवढ्याने श्वास लवकर मोकळा होतो आणि हातांची थरथर, छातीची धडधड कमी होते. तरीही ‘पंपाची सवय लागते’ म्हणून लोक गोळीच मागतात. हा समज सोडलेला बरा. पंप दाबताना श्वास सावकाश आत ओढावा, जमेल तर दहा सेकंद रोखावा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरावी, नाहीतर तोंडात बुरशी होते.

हेच दार विषालाही उघडे असते, हे आपल्या भोपाळइतके दुसऱ्या कोणत्या शहराने अनुभवले असेल? २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. सेव्हिन हे कीटकनाशक बनवण्यासाठी ते तिथे साठवले होते. शेतकऱ्याच्या पिकासाठीचेच हे रसायन. हा वायू पाण्याशी संयोग पावतो, म्हणून ओलसर डोळे आणि फुप्फुसे आधी होरपळली. जे धावले त्यांनी अधिक श्वास घेतला आणि अधिक विष आत गेले. नाकातोंडावर ओले फडके धरले असते तर काहीसा बचाव झाला असता, पण वस्त्यांतल्या लोकांना हे कोणी सांगून ठेवले नव्हते.

पुढे उताऱ्याचा प्रश्न आला. गांधी मेडिकल कॉलेजच्या न्यायवैद्यक विभागाचे डॉ. हिरेश चंद्र यांनी शवविच्छेदनात लालभडक रक्त पाहिले आणि त्यांना सायनाइडचा संशय आला. सोडियम थायोसल्फेट हे औषध सायनाइडचे थायोसायनेट करून लघवीवाटे बाहेर काढण्यास मदत करते. ते तोंडाने देऊन भागत नाही, कारण जठरातल्या आम्लात त्याची मोडतोड होते. शिरेतूनच द्यावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत इंजेक्शननंतर रोग्यांच्या लघवीतले थायोसायनेट वाढलेले आढळले, आणि १९८५ मध्ये परिषदेने हे उपचार सुचवलेही. परंतु सायनाइड होते की नव्हते या वादात हे औषध सर्व गरजूंपर्यंत पोचलेच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वाद शास्त्रज्ञांनी खुशाल घालावा, पण रोग्याला त्याची वाट पाहायला लावणे योग्य नव्हते.

शेतकऱ्याला सर्वांत जास्त फसवते ते कातडीचे दार. मलम आपण जिथे लावतो तिथेच राहते असे वाटते, पण कित्येक रसायने कातडीतून रक्तात झिरपतात. उन्हात, घामात आणि मान, कपाळ, जांघ अशा नाजूक जागी तर अधिकच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. त्यांनी विष प्यायले नव्हते. ते श्वासातून आणि कातडीतून गेले. पाठीवरचा फवारणीचा पंप गळत असेल तर भिजलेला सदरा दिवसभर विषाच्या पट्टीचे काम करतो. सदरा लगेच काढावा, अंग साबणाने धुवावे, तंबाखू त्या हाताने मळू नये.

फवारणीनंतर डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, लाळ आणि घाम सुटणे, छाती भरून येणे, उलट्या होणे ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषाची लक्षणे होत. यावर अट्रोपिन शिरेतून देतात, आणि छातीतले पाणी आटेपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. हे काम घरी होण्यासारखे नाही. सगळ्या कीटकनाशकांना हा उतारा चालतही नाही. म्हणून रोग्याला दवाखान्यात नेताना औषधाचा डबा, निदान त्यावरची चिठ्ठी, बरोबर घ्यावी. दोन औषधे एकत्र मिसळून मारली असतील तर दोन्ही चिठ्ठ्या न्याव्यात.