व्हेपमुळे तोंड कोरडं का पडतं? दातांवर काय होतं आणि त्यावर काय करता येईल?

आपण इथे एरवी बॅटरी, चार्जर, प्रोसेसर यांच्यावर बोलतो. आज विषय जरा वेगळा वाटेल, पण गॅजेटच आहे. व्हेप म्हणा, पॉड म्हणा, ई-सिगारेट म्हणा. "व्हेप केल्यावर घसा आणि तोंड सुकतं, बाकी काही नाही ना?" असं मला अनेक जण खासगीत विचारतात. घरी विचारायची सोय नाही, डॉक्टरांसमोर लाज वाटते, मग राहतो मोबाईल.

आधी कायद्याचं बोलून मोकळे होऊ. भारतात सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवणूक आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे इथे टपरीच्या मागून किंवा इन्स्टाग्रामवरून जे मिळतं ते चोरीछुपे आलेलं. डब्यावर 'निकोटीन फ्री' लिहिलंय की 'दोन टक्के', ते तपासणारं कुणी नाही. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये शिकतो. तिथे अठरा वर्षांवरच्यांना हे कायदेशीर मिळतं आणि द्रवात निकोटीन एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. १ जून २०२५ पासून तिथेही वापरून फेकायचे व्हेप बंद झाले. तो रोज रात्री उशाशी पाण्याची बाटली घेऊन झोपतो आणि सांगतो, "इथली हवा कोरडी आहे रे." हवा असेलही कोरडी, पण सगळा दोष हवेचा नाही.

आत नेमकं काय चालतं?

आजची ई-सिगारेट २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने बनवली. रचना सोपी आहे: एक लिथियम बॅटरी, एक छोटी चिप, तारेची किंवा जाळीची कॉइल, तिला चिकटलेला कापूस आणि द्रव. तुम्ही ओढलं की हवेच्या दाबातला फरक सेन्सरला कळतो, चिप कॉइलला करंट देते, कॉइल तापते आणि कापसात मुरलेल्या द्रवाचे बारीक थेंब हवेत उडतात. आपण त्याला वाफ म्हणतो, पण पातेल्यातल्या पाण्याची वाफ वेगळी. हे द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब आहेत, आणि ते जिथे आदळतील तिथे चिकटतात. पहिला मुक्काम अर्थातच तोंडात.

द्रवात मुख्य दोन गोष्टी असतात: प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. त्यात निकोटीन आणि फ्लेवर. पहिल्या दोघांनाही पाण्याचं भारी वेड. मिठाची बरणी पावसाळ्यात उघडी राहिली तर मीठ कसं ओलं होतं? तसंच हे आजूबाजूचं पाणी ओढून घेतात, आणि तोंडात आजूबाजूला पाणी म्हणजे तुमची लाळ आणि गालाच्या आतली ओली त्वचा. दिवसातून पाच-दहा वेळा ओढणारा आणि हातातून व्हेप न सोडणारा यांच्यात फरक पडतो तो इथे. सिगारेट निदान संपते तरी. व्हेप संपत नाही, म्हणून अभ्यास करताना, रील बघताना, गेम खेळताना तोंडाला लागलेलाच असतो.

लाळ गेली तर बिघडतं कुठे?

लाळ म्हणजे नुसती थुंकी नव्हे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुते, आम्लाचा जोर कमी करते आणि तिच्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट दाताच्या वरच्या कडक थराला, म्हणजे इनॅमलला, परत मिळतं. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. जेवल्यावर हे प्रत्येकाचं थोडं होतं, लाळ ते भरून काढते. फोनचं समजा ना: दिवसभर बॅटरी उतरते, रात्री चार्ज होते. लाळ कमी झाली म्हणजे चार्जरच सैल झाला.

त्यात फ्लेवरची भर. आंबट फळांच्या चवीसाठी काही द्रवांत आम्लं असतात, गोडीसाठी सुक्रालोजसारखे पदार्थ. २०१८ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आलेल्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासात गोड फ्लेवरच्या वाफेत ठेवलेल्या इनॅमलवर दात किडवणारे जंतू जास्त चिकटले आणि इनॅमलचा कडकपणा बिनफ्लेवरच्या तुलनेत २७ टक्क्यांनी घटला. हे तोंडाबाहेर केलेलं काम आहे, तुमच्या दाताचा आकडा म्हणून घेऊ नका. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या दंतविभागाने २०२२ मध्ये तेरा हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. व्हेप करणाऱ्यांपैकी ७९ टक्के जण दात किडण्याच्या जास्त धोक्याच्या गटात होते, न करणाऱ्यांपैकी ६० टक्के. त्यात व्हेप करणारे शंभराहून कमी होते, त्यामुळे यावरून 'सिद्ध झालं' म्हणणं घाईचं. पण दिशा कळते.

आणि एक फसवी गोष्ट. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. हिरडी आजारी असली तरी ब्रश करताना रक्त कमी दिसू शकतं. "माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही, म्हणजे ठणठणीत" हा हिशोब इथे चालत नाही.

तोंड कोरडं पडलंय हे ओळखायचं कसं?

खारी बिस्कीट किंवा कोरडी भाकरी चहा-पाण्याशिवाय गिळता येत नाही. जीभ टाळूला चिकटते. लाळ पातळ न राहता तारेसारखी ओढली जाते. नेहमीचा ठेचा अचानक झोंबायला लागतो. सकाळी तोंडाला वास येतो. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनीही तोंड सुकतं, त्यामुळे दोन्ही चालू असेल तर दुप्पट त्रास.

मग करायचं काय?

स्पष्ट सांगतो, खाली जे लिहितोय त्याने व्हेप सुरक्षित होत नाही. फुप्फुसं आणि निकोटीनची सवय आहे तिथेच राहते. पण अजून सुटलं नाही म्हणून दातही जाऊ द्यायचे, हे मला पटत नाही.

ओढून झालं की साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. दिवसभर घोट-घोट पाणी प्या. कोला किंवा एनर्जी ड्रिंक नको; ते आम्लही आणि साखरही. लिंबू सरबतसुद्धा तासभर चघळत पिऊ नका. तोंडाला पाणी सुटावं म्हणून बिनसाखरेचं, शक्यतो झायलिटॉल असलेलं च्युइंगम चालेल. साधी बडीशेप चालेल, रंगीत साखरेची नाही. सुपारी आणि मावा मात्र अजिबात नको. सुपारीने तोंड उघडणंच कमी होत जाण्याचा आजार जडतो आणि तो पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो.

ब्रश दोन वेळा, फ्लोराईडच्या पेस्टने. पेस्ट थुंका, पण नंतर पाण्याने खळखळून धुऊ नका. फ्लोराईड दातावर थोडं राहू द्या. आंबट काही खाल्लं-प्यायलं असेल तर अर्धा तास थांबा, कारण मऊ झालेल्या इनॅमलवर ब्रश घासला तर तेच निघतं. कोळशाची पावडर किंवा मीठ घासणं तर नकोच. घरात आजी मिश्री लावत असेल तरी ती तंबाखूच आहे, मंजन नव्हे. माउथवॉश घेणार असाल तर बिनअल्कोहोलचा.

रात्रीचं जास्त महत्त्वाचं. झोपेत लाळ आपोआप कमी होते. ब्रश झाल्यानंतर अंथरुणात पडून ओढलेले झुरके दातांना सगळ्यात महाग पडतात. तोंड उघडं ठेवून झोपत असाल, नाक चोंदत असेल, तर ते आधी दाखवा.

सोडायचं ठरवलं तर सरकारची मोफत हेल्पलाईन आहे: १८००-११-२३५६. व्हेप म्हटलं तरी कुणी रागावत नाही, निकोटीन निकोटीनच. निकोटीनचं च्युइंगम किंवा पॅच डॉक्टरांना विचारून घ्या.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली, दाताला थंड झोंबायला लागलं किंवा दात हलल्यासारखा वाटला तर थेट डेंटिस्टकडे जा. तिथे "व्हेप करतो, दिवसातून इतक्या वेळा" हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका. आई-बाबा सोबत असतील तर "डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय" म्हणा, त्यांना हे नवीन नसतं.