पॅड बांधून बसलेला तिसरा मुलगा
शाळेच्या मैदानावर रेकॉर्ड करणारे दोघं सगळ्यांना माहीत असतात. बाकीच्या वीस पोरांचं काय होतं?

शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान... सकाळी साडेसहाला ऑफिसची कॅब पकडायला निघालेले असाल तर ही पोरं तुम्ही नक्की पाहिली असतील. स्वतःच्या उंचीएवढी किट बॅग, त्यात कोंबलेलं शाळेचं दप्तर, आईने पहाटे उठून भरलेला डबा आणि डोळ्यांत झोप. वय बारा-तेरा. लोकलमध्ये शिरताना 'ए बॅग खाली ठेव' म्हणून चार शिव्या खाणार आणि उतरताना पुन्हा चार. संध्याकाळी घरी पोचल्यावर दार उघडायच्या आत प्रश्न येतो, 'किती केलेस?'

मुंबईतल्या शालेय क्रिकेटचा अख्खा फंडा या दोन शब्दांत आहे.

गाइल्स शील्ड चौदा वर्षांखालच्यांसाठी, हॅरिस शील्ड सोळा वर्षांखालच्यांसाठी. शंभराहून जास्त वर्षं या स्पर्धांनी मुंबईला क्रिकेटर पुरवले. यातली सगळ्यात फेमस मॅच माझ्या जन्माच्याही आधीची. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची सेमीफायनल. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, सोळा वर्षांचा विनोद कांबळी नाबाद ३४९, पार्टनरशिप ६६४. आचरेकर सरांचा डाव घोषित करण्याचा निरोप या दोघांनी कसा कानाआड केला, हा किस्सा तर आता लोककथाच झालाय.

पण त्या मॅचमधला माझा फेवरिट मुलगा वेगळाच आहे. दुसरी विकेट ८४ वर पडली. पुढचा बॅट्समन पॅड बांधून तयार. तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार. तो बसला, बसला, बसून राहिला. दिवस संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅड बांधले, पुन्हा बसला. ७४८ ला डाव घोषित झाला आणि गड्याने पॅड सोडले. एकही बॉल खेळला नाही!

पुढे त्याने रणजी पदार्पणातच २६० धावा ठोकल्या, फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन केले, तीस सेंच्युरी मारल्या. इंडिया कॅप मात्र मिळाली नाही. त्याच्या पुढच्या रांगेत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण उभे होते, काय करणार? आणि मग २ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी वनडे वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा त्यांचा कोच होता हाच अमोल मुझुमदार.

ही गोष्ट वाचून 'सबर का फल' वगैरे फॉरवर्ड करायचा मोह होतोय ना? थांबा जरा. पॅड बांधून बसलेल्या प्रत्येक मुलाला सदतीस वर्षांनी वर्ल्ड कप मिळत नाही. बहुतेकांना बारावीनंतर किट बॅग माळ्यावर टाकून सीईटीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात वाईट काहीच नाही. प्रश्न एवढाच, की त्या दोन दिवसांत त्याच्या डोक्यात काय चाललंय हे त्याला कुणी विचारलं का?

मुलांच्या शाळेत असे प्रश्न विचारायची पद्धतच नसते हो. 'बॉइज स्कूल'मध्ये शिकलेल्या कुठल्याही मित्राला विचारून बघा. शेवटच्या बाकावरची धमाल, मधल्या सुट्टीतलं क्रिकेट, टोपणनावं (त्यातली निम्मी इथे छापता येणार नाहीत) हे सगळं तो तासभर सांगेल. शून्यावर आउट झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडलो, हे दुसऱ्या बिअरनंतर सांगेल. सांगितलं तर! टीममधून वगळलं की चेहरा कोरा ठेवायचा, बोटाला बॉल लागला की 'काय नाय झालं' म्हणायचं, ही तिथली न लिहिलेली शिस्त. डायरीत छापलेले नियम नखं, केस आणि बुटांच्या पॉलिशबद्दल असतात.

आता त्याच मॅचची दुसरी बाजू बघा. झेवियर्स म्हणजे तेव्हा फक्त मुलांची शाळा, गावसकरची शाळा! तिची अकरा पोरं दोन दिवस उन्हात बॉलच्या मागे धावत होती. त्यांच्यात एक पंधरा वर्षांचा लेगस्पिनर होता, साईराज बहुतुले. तोही पुढे भारताकडून खेळला, कोच झाला. पण त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला 'किती विकेट काढल्यास?' असं कुणी विचारलं असेल, तर... जाऊ दे, कल्पनाच नको.

आणि कांबळी? १९९३ मध्ये लागोपाठ दोन टेस्टमध्ये डबल सेंच्युरी, १९९५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, शेवटची टेस्ट. सरासरी ५४. त्याचं पुढे काय आणि कसं झालं यावर पारावर बसून निकाल देणारे भरपूर आहेत. मी त्यांच्यात बसणार नाही. सोळाव्या वर्षी ३४९ करणाऱ्या मुलाला रन कसे काढायचे ते आपण शिकवलं. रन आटल्यावर कसं जगायचं, हे शिकवण्याची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलंच नव्हतं. आजही ठरलेलं नाही.

पटत नसेल तर कल्याणला चला. जानेवारी २०१६, भंडारी कप. के. सी. गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे ३२७ बॉलमध्ये नाबाद १००९! इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या शाळकरी पोराचा १८९९ मधला ६२८ चा विक्रम मोडला. टीव्हीवाले, नेते, शाली, फुलं. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची स्कॉलरशिप दिली. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांसाठी ही सॉलिड मदत होती. दीड वर्षानंतर त्याच वडिलांनी असोसिएशनला कळवलं, मुलाचा फॉर्म नाही, पैसे बंद करा. हा स्वाभिमान वाचून छाती भरून येते, पण दुसऱ्या क्षणी मनात येतं, की सतरा वर्षांच्या पोराचा फॉर्म हा घरच्या इभ्रतीचा प्रश्न कधीपासून झाला? मदत रनांसाठी होती की मुलासाठी?

बाय द वे, समोरची टीम होती आर्य गुरुकुल. पहिल्या डावात सगळे बाद ३१, दुसऱ्या डावात ५२. एक डाव आणि १३८२ धावांनी हार. त्या पोरांच्या घरी किती कॅमेरे गेले?

आणखी एक गंमत. ६६४ चा तो विक्रम नोव्हेंबर २००६ मध्येच मोडला. सिकंदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ ची पार्टनरशिप केली. नावं सांगा बरं? बघा!

मग शाळेने करायचं काय? कागदावर बरंच काही आहे. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्येच शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. पण समुपदेशकाची खोली असते ऑफिसशेजारी, आणि तिथे जाताना मित्रांनी पाहिलं की आठवडाभर 'मेंटल' हे नवीन नाव! कुठला आठवीतला मुलगा जाईल? त्यापेक्षा तो बोलणार पीटीच्या सरांशी, तेही नेट्सनंतर बॉल गोळा करताना. म्हणून ट्रेनिंग आधी पीटीच्या सरांना द्या, असं माझं ठाम मत आहे. टीम लिस्ट नोटीस बोर्डावर डकवून पळून जाण्याऐवजी वगळलेल्या मुलाशी पाच मिनिटं बोलायला एक पैसा लागत नाही. राखीव खेळाडूंच्याही मॅच लावा. झोप, जेवण, दुखापत यांची वही ठेवा. वाढत्या वयात वेगवान बॉलरची पाठ लवकर जाते, म्हणून इंग्लंडच्या बोर्डाने वयानुसार ओव्हरची मर्यादाच घालून दिली आहे. आपल्याकडे चांगला बॉलर सापडला की त्याला संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कशाला सांगतेस? आमची अजून लग्नं व्हायचीत. खरंय. पण मामा, काका, आत्या, मावशी तर आहात! त्या पोराला पहिले शूज, ती महागडी इंग्लिश विलो तुमच्याच पगारातून जाते, आणि आई-बाबांना जे सांगणार नाही ते तो तुम्हाला सांगण्याची शक्यता जास्त. मॅचच्या दिवशीच नेमकं पोट दुखतंय, रात्री जागतोय, आवडती फिश करीही नकोशी झालीय, किट बॅगकडे बघतसुद्धा नाही, असं दिसलं तर 'अरे, पुढच्या मॅचला मार' असं म्हणून पाठ थोपटू नका. त्याला वडापाव खायला घेऊन जा. अर्धा तास गप्प बसायची तयारी ठेवा, मुलं पहिल्या वीस मिनिटांत फक्त मोबाइलबद्दल बोलतात. प्रकरण जड वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि या रविवारी मैदानावर गेलात, तर स्कोअरबोर्डाकडे नंतर बघा. आधी मंडपात कोण पॅड बांधून बसलंय ते बघा. त्याला पाणी हवंय का, विचारा.